इतिहास घेऊ का, असं विचारणाऱ्या मुलीला

शिरपूर तालुक्यातल्या एका मुलीने विचारलंय. दहावीला ८४ टक्के पडले, सामाजिक शास्त्रांत सगळ्यांत जास्त. इतिहास आवडतो, पण पाठांतर जमत नाही. वडील म्हणतात सायन्स घे, कला शाखा म्हणजे ज्याचं कुठंच जमत नाही त्याची. अकरावी-बारावीला इतिहास घ्यावा का, आणि घेतला तर अभ्यास नेमका कसा करायचा?

बेटा, आधी सरळ उत्तर देतो : घे. पाठांतर जमत नाही म्हणतेस ते तर बरंच आहे. तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात सत्तावीस वर्षं इतिहास शिकवतोय. घडाघडा पाठ म्हणणारी पोरं दरवर्षी येतात आणि त्यांची ती सवय मोडण्यातच दिवाळी उजाडते. मला वर्गात हवी असते ती वेगळीच खोड. कुणी काही ठामपणे सांगितलं की जिच्या तोंडून आपसूक 'कशावरून?' निघतं, अशी पोरगी. घरात याला उलट बोलणं म्हणतात, माझ्या तासाला याचे मार्क मिळतात.

वडिलांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. सायन्सच्या मुलाला बारावीनंतर बी.ए.ला येता येतं, कला शाखेतून इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला जाता येत नाही. गणितात, जीवशास्त्रात तुला खरोखर गोडी असेल तर सायन्स घे आणि इतिहास सवडीने वाच, मी वाईट वाटून घेणार नाही. पण नुसते 'टक्के चांगले आहेत म्हणून सायन्स' असं असेल तर सावध हो. अकरावी सायन्सला एक वर्ष, क्लासची फी आणि उमेद, तिन्ही घालवून माझ्या वर्गात येऊन बसणारी दोन-तीन मुलं दरसाल असतात. पहिले दोन महिने ती मान वर करत नाहीत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. पसंतीक्रम भरण्याआधी त्या कॉलेजात प्रत्यक्ष जा आणि इतिहास कोण शिकवतं ते विचार. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी विषय कागदावर असतो, शिक्षक तासिका तत्त्वावर असतो आणि तोही गणपतीनंतर रुजू होतो.

आता अभ्यासाचं. दहावीला तू इतिहासलेखनाच्या परंपरा, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं असं शिकलीस. अकरावीला गाडी पुन्हा मागे जाते : हडप्पा, ताम्रपाषाण काळातली गावं, जनपदं, मौर्य, सातवाहन, यादव, मराठे. बारावीला युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, मराठे आणि इंग्रज, समाजसुधारणा, स्वातंत्र्यलढा, महायुद्धं, शीतयुद्ध आणि मग आजचा भारत. पुस्तकं अधूनमधून बदलतात, पण पट साधारण हाच राहतो. लेखी परीक्षा ८० गुणांची, २० अंतर्गत. जाडी बघून घाबरू नकोस. ते पुस्तक आपल्या खानदेशातून कुठे कुठे जातं हे एकदा लक्षात आलं की त्याचं ओझं वाटत नाही. सावळदा संस्कृती हा शब्द फळ्यावर लिहिला आणि सांगितलं, हे नाव तापीकाठच्या सावळदा गावावरून पडलंय, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती. तिथून जवळच्या प्रकाशाला, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५५ मध्ये उत्खनन झालं. मागच्या बाकावरचा शहाद्याकडचा पोरगा एकदम उभा राहिला, "सर, हाई ते आमना गावनी गोट शे!" तोपर्यंत तीन महिने त्याचा आवाज मी ऐकला नव्हता.

पण गावाचं नाव आलं म्हणून ऊर भरून येणं हा झाला अभिमान. अभ्यास त्याच्या पुढे सुरू होतो. हे मी पाटणच्या शिलालेखावर शिकवतो, तुलाही तसंच सांगतो.

चाळीसगावजवळचं पाटण, म्हणजे पाटणादेवीचं. तिथल्या भवानीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमाराचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. (मुक्ताईनगरकडचे चांगदेव महाराज ते हे नव्हेत. दरवर्षी कुणीतरी गल्लत करतंच.) लेखाचा बराच भाग संस्कृत आहे, पण शेवटाकडे भाषा अचानक आपली होते : 'इयां पाटणीं जें केणें उघटे'. केणें म्हणजे विक्रीचा माल. या पाटणात जो माल उघडला जाईल, त्यावरचं राजाकडे जाणारं देणं मठाला दिलं, असा त्याचा आशय. पुढे तेलाच्या घाण्यांचाही उल्लेख येतो.

वर्गात मी हे वाचून दाखवतो आणि विचारतो, यावरून काय काय कळलं? पोरं पहिल्यांदा म्हणतात, भास्कराचार्य थोर होते. ते तर आधीच माहीत होतं. मग हळूहळू सुटायला लागतं. पाटणला बाजार होता. मालावर कर होता. घाणे होते, म्हणजे गळिताचं पीक होतं. मठ चालवायला पैसा लागत होता आणि तो बाजारातून येत होता. दानाची भाषा मराठी का? कारण ते दुकानदाराला आणि तेल्याला समजायला हवं होतं. ही ओळ पुस्तकात नाही, ही एका पोरीने वर्गात बसल्या बसल्या काढली.

आणि आता खरी गंमत. मी विचारतो, "भास्कराचार्य पाटणला जन्मले, बरोबर?" अख्खा वर्ग : "हो!" कशावरून? शांतता. लेखात मठाची गोष्ट आहे, घराण्याची वंशावळ आहे, नातवाचं नाव आहे. आजोबांचा जन्म इथे झाला असं त्यात लिहिलेलं नाही. स्वतः भास्कराचार्य आपलं गाव विज्जलविड म्हणून सांगतात आणि ते गाव नेमकं कुठलं यावर अभ्यासक अजून भांडतात. पाटणचा दावा करणारे आहेत, इतरही आहेत. चाळीसगावच्या पोरांना हे पचत नाही. एकाने रागाने दप्तर आपटलं होतं. पण पुरावा जेवढं बोलतो तेवढंच बोलायचं, ही शिस्त एकदा अंगात मुरली की बारावीची निम्मी तयारी तिथेच होते.

तुझ्यासाठी तर त्याहून जवळचं उदाहरण आहे, तुझ्याच तालुक्यातलं थाळनेर. फारुकी सुलतानांची सुरुवात तिथली, त्यांच्या कबरी तिथे आहेत, हे तुला माहीत असेल. पण मी १८१८ बद्दल बोलतोय. पुस्तकात मराठी सत्तेचा शेवट एका परिच्छेदात येतो. तो उलगडून बघ. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह, त्यात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला, खानदेश त्यातच आला. पण कागदावर सही झाली म्हणून किल्ला आपोआप खाली होत नाही. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपची फौज थाळनेरपुढे येऊन ठाकली. दरवाजात बोलणी चालू असताना चकमक उडाली, इंग्रज अधिकारी पडले, मग आतल्या शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिलं.

आता तू विचार. हा किल्लेदार बंडखोर होता की धन्याचा किल्ला राखणारा नोकर? तहाची बातमी त्याला कोणी सांगितली? सांगणाऱ्यावर त्याने विश्वास का ठेवावा? ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. आतून बोलणारं कोणी उरलंच नाही. आणि खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये या फाशीवर आक्षेप घेतला गेला होता, म्हणजे त्यांच्यातही सगळे एका तोंडाने बोलत नव्हते. एवढे प्रश्न वहीत लिहिलेस की 'वसाहतवाद आणि मराठे' हे प्रकरण तुला पाठ करावं लागणार नाही. तारखाही अशाच राहतात. सुट्या तारखा पाठ केल्या तर चार दिवसांत उडतात, एकीमुळे दुसरी घडली असं दिसलं की चिकटतात.

आता लेखन. मार्क इथे जातात. आमच्याकडे बोलताना पोरं झकास बोलतात आणि पेपरात मात्र शाळेच्या भाषणासारखं लिहितात. 'विधान सकारण स्पष्ट करा' हा प्रश्न घे. मी सराव परीक्षेत दिला होता : राष्ट्रीय सभेचं फैजपूर अधिवेशन खेड्यात भरवणं ही केवळ जागेची निवड नव्हती. एका हुशार मुलाचं उत्तर असं : 'फैजपूर अधिवेशन अत्यंत महत्त्वाचे होते. ते आपल्या खानदेशात झाले ही अभिमानाची बाब आहे. पंडित नेहरू अध्यक्ष होते. या अधिवेशनामुळे जनतेत मोठ्या प्रमाणावर जागृती झाली व स्वातंत्र्यलढ्याला नवी दिशा मिळाली.' अक्षर मोत्यासारखं. मी समासात चार वेळा 'कशावरून?' लिहिलं आणि वही परत दिली.

दुसऱ्या खेपेला त्याने लिहिलं ते साधारण असं : अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये भरलं, तोवर राष्ट्रीय सभेची अधिवेशनं शहरांत भरत, खेड्यातलं हे पहिलं. १९३५ च्या कायद्याखाली प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या, १९३७ च्या सुरुवातीला त्या झाल्या. मतदारांत आता शेतकरीही होते. याच अधिवेशनात शेतसारा आणि कुळांचा खंड कमी करणं, कर्जाचा बोजा हलका करणं अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम आला. मंडप सजवला नंदलाल बोस यांनी, बांबू आणि गावातल्याच साहित्यातून. म्हणजे जागा, कार्यक्रम आणि सजावट, तिन्ही एकाच दिशेने बोलत होतं. बघ, यात 'महत्त्वाचे' हा शब्द एकदाही नाही आणि महत्त्व कळलं. पहिल्या उत्तरापेक्षा चार-पाच ओळी वाढल्या असतील, बस.

तेव्हा तुझ्या उत्तरातून 'मोठ्या प्रमाणावर', 'नवी दिशा', 'अनन्यसाधारण' हे शब्द काढून टाक. ते गेल्यावर जे उरतं तेवढंच तुला येतं असं समज. 'तुमचे मत नोंदवा' या प्रश्नात मत कुठलंही असलं तरी चालतं, त्याच्यामागे दोन ठोस गोष्टी हव्यात. आणि टीप लिहायला सांगितली तर टीपच लिही. टिपेत निबंध लिहून शेवटचा मोठा प्रश्न सोडणारी मुलं मी जितकी पाहिली तितकी अभ्यास न केलेलीही पाहिली नाहीत.

माझंही सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा पहिली पाच-सहा वर्षं मी नोट्स उतरवून द्यायचो. फळ्याकडे पाठ, हातात पिवळी पडलेली वही, पोरं माना खाली घालून लिहितायत. निकाल चांगला लागायचा, मी खूश. एका वर्षी मी स्वतःच नोट्समध्ये वसईच्या तहाचं साल चुकून १८१२ उतरवून दिलं. खरं १८०२, वर्षाचा शेवटचा दिवस. सराव परीक्षेत सत्तेचाळीस पोरांनी १८१२ लिहिलं. एकानेही विचारलं नाही की दुसरा बाजीराव १८१२ पर्यंत इंग्रजांशी तह न करता कसा राहिला, आणि मग १८०३ चं युद्ध कशावरून पेटलं. त्या दिवसापासून नोट्स बंद केल्या. गाइड वापरू नको असं मी म्हणत नाही, सगळेच वापरतात. पण आधी धडा, मग तुझं उत्तर, मग गाइड. हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं.

प्रकल्पाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तिथे सगळ्यांत जास्त ढोंग चालतं. रंगीत प्रिंट, प्लॅस्टिकचं कव्हर, इंटरनेटवरून उतरवलेली ताजमहालाची माहिती. त्यापेक्षा तुझ्या गावातला एक विषय घे. माझ्या एका विद्यार्थिनीने बहात्तरचा दुष्काळ घेतला. सगळ्या गावाने एकच सांगितलं, आमचा पाझर तलाव बहात्तरला खोदला. खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. एक आजी मात्र म्हणाली, "तळ्याचं काम चालू होतं तव्हा माझा मोठा पोटात होता." पोरीने लगेच त्या मोठ्या मुलाचा शाळेचा दाखला बघितला. जन्म १ जून १९७५. तिला वाटलं, सापडलं! सगळं गाव चुकतंय, काम पंच्याहत्तरपर्यंत चालू होतं.

मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी तीच आली. म्हणाली, "सर, माझ्या बाबांचीपण १ जूनच आहे. काकांचीपण." आपल्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा, शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्ष अंदाजाने धरलं आणि १ जून टाकला. म्हणजे दाखला हा जन्माचा पुरावा नाही, शाळेत नाव घातल्याचा पुरावा. मग ती आजीकडे परत गेली, मोठा मुलगा कोणाच्या बरोबरीचा हे विचारलं, बाकीच्यांचे लग्नाचे साल धरून मागे मोजत गेली. शेवटी तिने लिहिलं : काम दुष्काळात सुरू झालं हे नक्की, कधी संपलं ते या साधनांवरून ठरवता येत नाही. वीसपैकी एकोणीस दिले. तो एक कशासाठी कापला ते आता मलाही आठवत नाही.

अशीच नजर सगळीकडे चालते. नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले. घोषणा होती 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनुं'. ही पोरं गुजरातीत घोषणा का देत होती, एवढा एक प्रश्न धरलास तर नंदुरबारची पेठ, गुजरातच्या सीमेवरचा व्यापार, घरातली भाषा आणि शाळेतली भाषा, सगळं त्यातून ओढलं जातं.

वाचायला काय? पाठ्यपुस्तक दोनदा नीट. त्यानंतर जमलं तर खानदेशचं १८८० चं जुनं गॅझेटिअर चाळ, इंटरनेटवर फुकट मिळतं. इंग्रजी जड आहे, पण तुझ्या गावाचं नाव शोधून तेवढंच वाच. ते लिहिणारा सरकारी माणूस होता आणि भिल्लांबद्दल, कुणब्यांबद्दल त्याची भाषा कशी आहे तेही बघ. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले, त्यांची कागदपत्रं तिथे जपली आहेत. शिरपूरहून एस.टी.ने जाऊन संध्याकाळपर्यंत घरी येता येतं. एक मोडीचा कागद डोळ्यांनी बघून ये, वाचता नाही आला तरी चालेल.

राहिला वडिलांचा खरा प्रश्न, पोटाचा. इतिहास घेतल्याने नोकरी लागते असं मी कुणालाच सांगत नाही. डी.एड., बी.एड. करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारे माझे विद्यार्थी आहेत, ते लपवून उपयोग नाही. पण रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कुठल्याही शाखेला खुला आहे आणि पुरावा तोलायची सवय तिथे थेट कामाला येते. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे मुद्देसूद लिहिता येणाऱ्याला वाव वाढला. यूपीएससीला इतिहास हा वैकल्पिक विषय आहे, प्रत्येकी अडीचशे गुणांचे दोन पेपर. पुरातत्त्वाची ओढ असेल तर बी.ए.नंतर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे. आणि मोडी शीक. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना जिल्ह्याजिल्ह्यात शोधावं लागलं होतं. जमिनीचे जुने कागद तर रोजच कुणाचे ना कुणाचे निघत असतात.

या रविवारी एक कर. वडिलांना घेऊन थाळनेरला जा. किल्ल्याचं आता फारसं उरलेलं नाही, तापीकडच्या बाजूला उभी राहा आणि फौज कुठून आली असेल, दरवाजा कुठे असेल, ते त्यांना विचार. ते काहीतरी ठामपणे सांगतीलच. मग तुझा 'कशावरून?' वापर. कॉलेजचे फॉर्म भरायला त्यानंतर बसा.